हर्डल, हरकत आणि आडोसा

काही शब्द पाहुणे म्हणून येतात आणि घरचेच होऊन बसतात. ‘हर्डल’ हा इंग्रजी शब्द आमच्या कोल्हारला असाच आला. तो आला शाळेच्या मैदानावरून. खेळाचे सर चार-चार विटा एकमेकींवर रचत, त्यांवर आडवा बांबू ठेवत आणि सांगत, ‘ही झाली हर्डल्सची शर्यत.’ मुलांनी तो शब्द घरी नेला, घरातून तो बाजारात गेला. आता कांद्याचा व्यापारी म्हणतो, ‘माल भरून तयार आहे, फक्त गाडीचा हर्डल आहे.’ कर्जासाठी हेलपाटे घालणारा शेतकरी म्हणतो, ‘सगळे कागद झाले, सातबाऱ्याचा एक हर्डल राहिला.’ सोयरीक जमवणाऱ्या एका आजीच्या तोंडीसुद्धा मी हा शब्द ऐकला आहे. मुलगा पसंत, घर पसंत, पण मुलाची नोकरी दूर गुजरातेत. तर म्हणे, ‘एवढाच हर्डल हाय बाई.’

शर्यतीतला बांबू असा माणसांच्या व्यवहारात येऊन आडवा पडला. मला शब्दांचा नाद आहे. एखादा शब्द सापडला की त्याचे गाव कोणते, त्याचे नातेवाईक कोण, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून प्रथम मी त्याचे मराठी भाऊबंद गोळा केले.

अडथळा, अडचण, अडसर, आडकाठी, खोडा, खीळ, मोडता, विघ्न, अटकाव. मराठीत या अर्थाच्या शब्दांना तोटा नाही. पण त्यांतले काही शब्द जरा हातात घेऊन पाहा. जुन्या वाड्यांच्या दाराला आतून एक जाड लाकडी दांडा लावत. दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत त्यासाठी भोके असत. तो दांडा म्हणजे अडसर. आडकाठी म्हणजे वाटेत आडवी धरलेली काठी. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकडी साधन. खीळ म्हणजे खुंटी. ती ठोकली की हलणारी वस्तू जागच्या जागी बसते. म्हणून ‘कामाला खीळ बसली’ असे आपण म्हणतो. हे सगळे शब्द लाकडाचे आहेत! सुताराच्या दुकानातून निघालेले शब्द आपण कचेरीत, लग्नघरात आणि वर्तमानपत्रात वापरतो.

इंग्रजीतही असेच घडले आहे. ‘बार’ म्हणजे दांडा, आपला अडसरच. त्यापासून ‘बॅरियर’ झाला. ‘बॅरिस्टर’ या भारदस्त शब्दाच्या पोटातही तोच दांडा आहे, कारण वकिलीच्या संस्थेत आणि न्यायालयात एक लाकडी कठडा असे आणि त्या कठड्याशी उभे राहण्याचा अधिकार मिळाला की माणूस बॅरिस्टर होई. पोलीस रस्त्यात उभे करतात ते ‘बॅरिकेड’ मात्र पिंपातून निघाले आहे. फ्रेंच भाषेत पिंपाला ‘बारिक’ म्हणतात. दंगलीच्या वेळी लोक पिंपे रस्त्यावर लोटून वाट बंद करत, त्यावरून तो शब्द पडला. आपल्याकडे रस्त्याचे काम चालू असले की डांबराची रिकामी पिंपे आडवी मांडतात. ती मांडणाऱ्या मजुरांनी फ्रेंचांचा शब्द किती अचूक पाळला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

उर्दूचा रस्ता थोडा वेगळा आहे. ‘अडचन’ आणि ‘रुकावट’ तर आहेतच, पण उर्दूला लाकडापेक्षा दगड जवळचा वाटतो. ‘रोडे अटकाना’ हा वाक्प्रचार तुम्ही रोज ऐकता. रोडा म्हणजे विटेचा किंवा दगडाचा तुकडा. वाटेत पडून पायाला ठेच लावणारा तो ‘संगे राह’, आणि वाटेच्या कडेला उभा राहून अंतर सांगणारा तो ‘संगे मील’. दगड दोन्ही ठिकाणी दगडच; पण एक वाटेत आहे आणि दुसरा वाटेच्या बाजूला.

आणि मग ‘हरकत’. हा शब्द अरबीतून उर्दूतही आला आणि मराठीतही आला. मात्र दोन्ही घरांत त्याचे स्वभाव अगदी उलट झाले. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. ‘हरकत में बरकत’ असे आपले वडीलधारे म्हणतात. हात-पाय हलवले तर बरकत येते. कोणी वाईट वागले तर ‘ये क्या हरकत है’ असेही विचारतात. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, अटकाव. तिकडे जो शब्द चालतो, तोच इकडे थांबवतो. या एका शब्दामुळे आमच्या घरात जे घडले, ते सांगायलाच हवे.

मी तेव्हा पाचवीत होते. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, उर्दू शाळेतून सातवी पास झाली होती. पुढचे उर्दू शिक्षण घ्यायचे तर श्रीरामपूरला जावे लागे, म्हणजे रोज एस.टी.चा प्रवास. गावात मराठी माध्यमिक शाळा होती. अब्बांचे चौकात सायकल दुरुस्तीचे दुकान होते. त्यांचे म्हणणे, मुलीने मराठी शाळेत आठवीला बसावे. पण त्याच सुटीत बुऱ्हाणपूरहून आमची नानी आली होती. ती आली होती तीच आपाला बरोबर घेऊन जायच्या विचाराने. ‘लडकी सात जमाते पढ गई, अब और कितना पढाओगे?’ असे तिने पहिल्याच दिवशी विचारले. तिकडे शिवण शिकेल, कुराण शरीफ पुरे करेल, दोन-तीन वर्षांत चांगले स्थळ बघू, असा तिचा बेत होता. अम्मी गप्प होती. आईपुढे तिला बोलता येत नव्हते. आपा तर स्वयंपाकघरातून बाहेरच येईना.

अब्बा सासूशी वाद घालणाऱ्यांतले नव्हते. ते एवढेच म्हणाले, ‘अम्माजान, आप खुद चलकर स्कूल देख लीजिए. पसंद न आए तो बच्ची आपकी.’ मला आजही वाटते, केवढी जोखीम घेतली त्यांनी! नानीने नाही म्हटले असते तर त्यांना आपला शब्द पाळावाच लागला असता.

दुसऱ्या दिवशी नानी, अब्बा, आपा आणि शेपटासारखी मी, असे चौघे निघालो. मुख्याध्यापक धोतर-टोपीतले वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आपाचा दाखला पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि अब्बांना म्हणाले, ‘मुलगी हुशार आहे. मराठी कच्चं आहे, ते होईल. आमची काही हरकत नाही.’

नानीला मराठी समजत नव्हते. तिला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला. ती ताठ झाली, बुरख्याचे टोक सावरले आणि म्हणाली, ‘साहब, हमारी बच्ची भी कोई हरकत नहीं करती. शरीफ घर की लडकी है.’

क्षणभर कोणालाच काही कळले नाही. मग अब्बांना हसू आवरेना. त्यांनी मुख्याध्यापकांना उर्दूतला अर्थ सांगितला आणि नानीला मराठीतला. मुख्याध्यापक खळखळून हसले. म्हणाले, ‘मग तर छानच झालं. शाळेची हरकत नाही आणि मुलीचीही हरकत नाही!’ नानीसुद्धा पदराआड हसली. मला वाटले, झाले, काम फत्ते.

पण तसे नव्हते. शाळेतून बाहेर पडल्यावर नानी फाटकाशीच थांबली. आमचे घर रस्त्याच्या एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला. आणि हा रस्ता म्हणजे साधासुधा रस्ता नव्हे. ज्यांनी कोल्हार पाहिले नाही त्यांना सांगते. प्रवरेच्या काठावरचे हे गाव भगवतीदेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते आणि नगर-मनमाड रस्ता गावातूनच जातो. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे धावणाऱ्या मालमोटारी, एस.टी., जीपगाड्या, सगळे त्यावरून. नानीने हातातली तसबीह काढली आणि एकेका गाडीला एकेक मणी ओढू लागली. तसबीहची एक फेरी पुरी झाली, तरी रस्ता काही मोकळा होईना. तेव्हा ती अब्बांना म्हणाली, ‘स्कूल अच्छा है, मास्टरसाहब भले आदमी हैं. मगर ये सडक?’

मराठी माध्यम, मुलांमुलींची एकत्र शाळा, परके शिक्षक, या कशालाच तिने शेवटी नकार दिला नाही. तिची हरकत होती ती रस्त्याला. आणि खरे सांगायचे तर त्यावर अब्बांकडेही पटकन उत्तर नव्हते. ते एवढेच म्हणाले, ‘मैं हाथ पकडकर पार कराऊँगा. रोज. दो वक्त.’ नानी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने तसबीह पिशवीत ठेवली.

आपा शाळेत बसली.

तिथे खरी शर्यत सुरू झाली. आपाला मराठी बोलता येत होते, पण ते बाजारातले मराठी. पुस्तकातले मराठी निराळे. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. रस्ता तो, वाट ती आणि शेत ते! हे ‘ते’ काय प्रकरण आहे, ते तिला कळेना. किताब ती असते, हे तिला जन्मापासून ठाऊक. मग पुस्तक ते कसे? त्यातून उर्दूत ‘ळ’ नाही. तिच्या तोंडून अडथळा शब्द ‘अडथला’ असाच निघे आणि वर्गात खसखस पिके. अडथळा या शब्दातच तिच्यासाठी अडथळा बसला होता.

हा ‘ळ’ तिला सुटला तो एस.टी.च्या थांब्यावर. आमच्या पुढचे मोठे गाव बाभळेश्वर. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत, ‘बाभळेश्वर, बाभळेश्वर!’ अब्बांच्या दुकानाच्या पायरीवर बसून आपा त्यांच्याबरोबर तोंडातल्या तोंडात म्हणायची. जिभेचे टोक वर वळवून मागे न्यायचे आणि झटकन पुढे सोडायचे. दोन आठवड्यांत तिला बाभळेश्वर जमले. मग बाभळ, केळे, नारळ आणि शेवटी अडथळा.

काही गोष्टी मात्र तिला मराठी मुलांपेक्षा लवकर आल्या. मराठीत ‘ज’ दोन प्रकारे उच्चारतात. ‘जेवण’मधला वेगळा आणि ‘जाळे’मधला वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. उर्दू शिकलेल्या मुलाला ‘जीम’ आणि ‘जे’ ही दोन अक्षरे पहिल्यापासून निरनिराळी माहीत असतात, त्यामुळे त्याचा कान आधीच तयार असतो. आणि शब्दांचे काय सांगावे! दप्तर, हजेरी, इमारत, मदत, जमीन, शिफारस, तक्रार, कागद, बाग, हवा. मराठीच्या धड्यात आपाला पानोपानी आपल्या ओळखीचे लोक भेटत. कोणी थोडा वेश बदललेले, कोणी हरकतीसारखे स्वभाव बदललेले; पण ओळखीचे.

आता रस्त्याकडे परत येते. जूनपासून दिवाळीपर्यंत अब्बांनी दिलेला शब्द पाळला. हातातले काम टाकून, ग्रीसने काळे झालेले हात फडक्याला पुसत ते दोन वेळा रस्त्याच्या कडेला येत. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला. आमचा सगळा भाग उसाचा. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांनी पाणी आले आणि पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचे नाव घेतात. हंगामात त्या कारखान्याकडे ऊस घेऊन जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग रस्त्याला लागे. बैल आपल्या चालीने चालत. मागच्या मालमोटारी भोंगे वाजवत, ड्रायव्हर कपाळावर हात मारत. त्यांच्या दृष्टीने त्या गाड्या म्हणजे वाटेतला धोंडा.

पण शाळेच्या मुलांना त्या गाड्या म्हणजे भिंत होती, चालती भिंत! वाहतूक मंदावली की गाडीवान हात करून मुलांना बोलावत आणि मुले उसाच्या गाडीच्या आडोशाने रस्ता ओलांडत. आपा त्या दिवसांत अब्बांना बोलावत नसे. ज्या गाड्या ड्रायव्हरांच्या आड येत होत्या, त्या आपासाठी आडोसा झाल्या होत्या.

हे लिहिताना माझे मलाच नवल वाटते, की दोन्ही शब्द एकाच घरचे. ‘आड’ म्हणजे मध्ये, आडवा. कामाच्या आड येणे म्हणजे विघ्न आणणे, आणि झाडाच्या आड उभे राहणे म्हणजे आसरा घेणे. अडथळा, अडसर, आडकाठी एका बाजूला; आडोसा दुसऱ्या बाजूला. उर्दूत तर एकच वाक्प्रचार दोन्ही कामे करतो. ‘आडे आना’ म्हणजे वाटेत येणे. आणि ‘मुसीबत में आडे आना’ म्हणजे संकटात ढाल होऊन उभे राहणे. मध्ये उभा असलेला माणूस अडवतो आहे की वाचवतो आहे, हे आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत यावर ठरते. शाळेसमोरचा गतिरोधकही असाच. मोटारवाला त्याला शिव्या देतो आणि मुलांचे आईबाप तो व्हावा म्हणून अर्ज करतात.

‘हर्डल’चे मूळ शोधताना मला पुन्हा हीच गोष्ट भेटली. हा शब्द मुळात शर्यतीचा नाहीच, तो मेंढपाळांचा आहे. इंग्लंडात बारीक फांद्या चिरून, एकमेकींत विणून ताट्या करत. त्या ताटीला हर्डल म्हणत. चार बाजूंनी ताट्या उभ्या केल्या की मेंढ्यांचा कोंडवाडा तयार. रात्री मेंढ्या त्यात सुरक्षित राहत आणि त्यांच्या लेंड्यांनी शेताला खत मिळे. दुसऱ्या दिवशी ताट्या उपटून शेजारच्या तुकड्यात लावायच्या.

नगर जिल्ह्यातल्या मुलांना हे वाचून काहीच परके वाटणार नाही. पीक निघाल्यावर धनगर आपले कळप घेऊन शेतात उतरतात. शेतकरी त्यांना बोलावतो, ‘आमच्या रानात मेंढ्या बसवा.’ त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. रात्री कळपाभोवती जाळीचे कुंपण लावतात, त्याला वाघूर म्हणतात. आता तर उसात बिबटे आहेत, त्यामुळे जाळी आणि कुत्री दोन्ही हवीत. इंग्लंडचा मेंढपाळ आणि आमचा धनगर एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण दोघांचे काम एक, कुंपण एक, खताचा हिशेबही एक.

आणि विणलेल्या त्या हर्डलला मराठीत नेमका शब्द आहे, ताटी. बांबूच्या कामट्यांची ताटी पूर्वी झोपडीला दार म्हणून लावत. संत ज्ञानेश्वर लोकांच्या बोलण्याने दुखावले आणि ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकट्या बहिणीने, मुक्ताबाईने, त्यांची जी समजूत घातली, ते ‘ताटीचे अभंग’ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली ती नेवाशाला, आमच्या याच प्रवरेच्या काठी. उर्दूत ताटीची बहीण ‘टट्टी’. उन्हाळ्यात दाराला वाळ्याची ओली टट्टी लावत, म्हणजे आत येणारी हवा थंड आणि सुगंधी होई. ‘टट्टी की ओट में शिकार खेलना’, म्हणजे लपून डाव साधणे, ही म्हण त्यातूनच आली. पुढे या शब्दाला भलताच अर्थ चिकटला आणि आता वर्गात तो उच्चारला की मुले तोंडावर हात ठेवून हसतात. बिचाऱ्या शब्दाचा काय दोष!

तर ही मेंढ्यांची ताटी शर्यतीत कशी आली? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या विद्यार्थ्यांनी त्या ताट्या ओळीने मांडल्या आणि त्यांवरून उड्या मारत पळू लागले. सुरुवातीला हे अडथळे जमिनीत पक्के ठोकलेले असत. पाय लागला तर ताटी हलत नसे, माणूसच पडे. पुढे त्यांना पाय बसवले. एकेकाळी तीन अडथळे पाडले की धावपटू बाद होई. १९३५ च्या सुमारास इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा अडथळा आला. त्याला धक्का लागला की तो पुढच्या बाजूला पडतो आणि धावणारा सहसा बचावतो. आता मुद्दाम पाडला नाही तर अडथळा पडल्याबद्दल कोणाला बाद करत नाहीत. वेळ मात्र जातो. शंभरावा हिस्सा सेकंद गेला तरी काय होते, ते पी. टी. उषाला विचारा. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर हर्डल्सला ती ५५.४२ सेकंदांत पोहोचली. कांस्यपदक ५५.४१ ला गेले.

पण न पडणाऱ्या अडथळ्यांची एक शर्यत अजून आहे. तिला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. १७५२ साली आयर्लंडमध्ये दोन घोडेस्वारांनी एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत शर्यत लावली. मनोरा समोर दिसत होता; मध्ये कुंपण येवो, ओढा येवो, सरळ जायचे. माणसांच्या स्टीपलचेसमध्ये ३००० मीटर अंतरात २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर असते. तो भक्कम लाकडाचा असतो, धक्का दिला तरी पडत नाही. मात्र त्यावर पाय ठेवून जायला परवानगी असते. मला हा नियम फार आवडतो. जो पडत नाही, त्याची पायरी करता येते.

या शर्यतीत महाराष्ट्राची दोन नावे मोठी आहेत. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची धावपटू स्त्री ऑलिंपिकमधल्या मैदानी शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली. दुसरे नाव अविनाश साबळे. त्याचे मांडवा गाव बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, आमच्या जिल्ह्याच्या शेजारीच. आईवडील वीटभट्टीवर राबत. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत तो चालत-पळत जाई. सैन्यात गेल्यावर तो स्टीपलचेसकडे वळला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले. १९९४ नंतर या शर्यतीचे पदक केनियाबाहेर गेले ते त्यानेच नेले. सुवर्णपदक हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत मात्र त्याने सुवर्ण मिळवले. तरी अडथळा कोणालाही सवलत देत नाही. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यापाशी तो जखमी झाला आणि त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

आपाला पळण्याची आवड कधीच नव्हती. खेळाच्या तासाला ती गुणलेखन करत बसे. पण दहावीच्या परीक्षेत तिला मराठीत शंभरपैकी एकाहत्तर गुण पडले, तेव्हा अब्बांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून चौकात पेढे वाटले. पुढे ती डी.एड. झाली आणि जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षिका झाली. तिथे तिच्याकडे मराठीचाच विषय आला. पहिल्या दिवशी ती फळ्यावर मोठा ‘ळ’ काढते आणि मुलांकडून बाभळेश्वर म्हणवून घेते.

नानी त्या उन्हाळ्यात एकटीच बुऱ्हाणपूरला परतली. जाताना तिने आपाला आपली तसबीह दिली आणि सांगितले, रस्ता ओलांडण्याआधी गाड्या मोजत जा. तिची पोस्टकार्डे मात्र येत राहिली. कोल्हारचा तो शब्द तिला इतका आवडला होता, की प्रत्येक पत्रात तो दोन्ही अर्थांनी येई. एका सुटीआधीचे कार्ड अम्मीने पेटीत जपून ठेवले आहे. त्यात लिहिले आहे, ‘ईद पर सब लोग आ जाओ, हमारी कोई हरकत नहीं. बस, छोटी से कहना, यहाँ आकर कोई हरकत न करे.’

छोटी म्हणजे मी.